अर्थ लावण्याचा अधिकार : पंडिता रमाबाईंचे धर्मजीवन

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात त्यांच्या आयुष्याचे सामान्यतः दोन तुकडे पाडले जातात. शारदा सदनापर्यंतच्या रमाबाई समाजसुधारणेच्या इतिहासकारांच्या वाट्याला येतात. केडगावच्या रमाबाई ख्रिस्ती चरित्रकारांच्या. पहिल्या वर्गातील लेखकांना त्यांचे धर्मांतर ही एक अडचण वाटते, ती ओलांडून ते पुढे जातात. दुसऱ्या वर्गातील लेखकांना धर्मांतर हेच फलित वाटते, त्यामुळे त्यानंतरचा संघर्ष त्यांना फारसा दिसत नाही. देवदत्त नारायण टिळकांचे १९६० मधील चरित्र आजही वाचनीय आहे, तथापि त्याचा ओढाही दुसऱ्या बाजूचाच आहे. सिस्टर जेराल्डीन यांनी जतन केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ साली प्रसिद्ध झाला आणि बाप्तिस्म्यानंतरची तीन वर्षे रमाबाई इंग्लंडमध्ये कोणत्या वादात गुंतल्या होत्या हे अभ्यासकांसमोर आले. मीरा कोसंबी यांच्या संशोधनाने ते चित्र अधिक स्पष्ट केले. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात मात्र या वादाचा पुरेसा विचार झालेला नाही असे वाटते. तो वाद वरकरणी त्रैक्यासारख्या सिद्धान्ताचा असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न रमाबाईंना जन्मापासून ओळखीचा होता. धर्मग्रंथ कोणी वाचावा, आणि त्याचा अर्थ कोणी लावावा, हा तो प्रश्न.

या प्रश्नाची सुरुवात रमाबाईंच्या जन्मापूर्वीच झाली होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत असताना आपले गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले होते. स्त्री संस्कृत शिकू शकते ही गोष्ट त्या तरुण विद्यार्थ्याच्या मनात घर करून राहिली. पुढे पैठणला गोदावरीकाठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली, आणि शास्त्रीबोवांनी या दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. ही वार्ता पसरताच त्यांना उडुपीच्या विद्वत्सभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रवचनांच्या आधारेच आपल्या कृतीचे समर्थन केले. येथे एक तपशील विसरता कामा नये. वेदांचा अधिकार स्त्रीला नाही हे अनंतशास्त्र्यांनाही मान्य होते. त्यांनी पत्नीला शिकविले ते काव्य आणि पुराणे. म्हणजे सीमारेषा त्यांनी पुढे सरकविली, पुसली नाही.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. त्यांना संस्कृत शिकविले ते मुख्यतः आईने. घराचा पाया लवकरच ढासळला आणि पुराणिकाचे हे कुटुंब तीर्थाटनास निघाले. देवळाच्या आवारात बसून पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करायचा, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. उरले रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास. ही दोघे भावंडे शेकडो कोस पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ही हकीकत सर्वपरिचित आहे, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही.

कलकत्त्यातील दोन प्रसंग मात्र पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली. ज्या ग्रंथाला हात लावण्याचा अधिकार वडिलांच्याही मते त्यांना नव्हता तो ग्रंथ प्रथमच त्यांच्या हाती आला. त्यापूर्वी स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे जे वाचन केले होते त्यातून एक निष्कर्ष त्यांच्या मनात पक्का झाला होता : इतर असंख्य बाबतींत परस्परविरोधी असणारे हे ग्रंथ स्त्री स्वभावतः हीन आहे आणि पतिसेवेवाचून तिला मोक्ष नाही या दोन गोष्टींवर मात्र एकमत आहेत. दुसरा प्रसंग एका ख्रिस्ती मेळाव्याचा. मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसली तेव्हा हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करतात की काय असे या भावंडांना वाटले. निघताना रमाबाईंना संस्कृत बायबल देण्यात आले. त्यांनी ते वाचण्याचा प्रयत्न केला; पण त्या संस्कृतचे वळण त्यांच्या परिचयाच्या संस्कृत वाङ्मयाहून इतके वेगळे होते, की त्यावर वेळ घालविणे त्यांना व्यर्थ वाटले. पुढे ज्या स्त्रीने बायबलच्या भाषांतरासाठी आयुष्याची दीडएक तपे वेचली तिची त्या ग्रंथाशी झालेली पहिली गाठ अशी भाषेपाशीच अडखळली होती.

१८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्म विचारांच्या, ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू दगावले. एवढ्या अल्प संसारात, सिल्चरच्या घरी, लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती लागली होती. पुण्यास परतल्यावर १८८२ या एकाच वर्षात त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या उत्पन्नातून इंग्लंडला जाऊन वैद्यकी शिकण्याचा त्यांचा मानस होता. याच काळात पंचहौद मिशनातील वाँटेजच्या भगिनीसंघाशी आणि नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशी त्यांचा परिचय वाढला. गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले होते, आणि 'षड्दर्शन दर्पण' लिहून त्यांनी हिंदू दर्शनांची पंडिती पद्धतीने चिकित्सा केली होती. अंग्लिकन पंथातही त्यांचा ओढा प्राचीन परंपरा आणि धर्मसंस्थेचा अधिकार मानणाऱ्या बाजूकडे होता. ब्राह्म समाजाच्या एकेश्वरवादातून ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाकडे येताना रमाबाईंच्या ज्या शंका होत्या त्यांचे निरसन गोऱ्यांच्या लिखाणाने झाले असे रमाबाईंनी स्वतःच नमूद केले आहे. वाद शास्त्राने मिटवायचा, ही दोघांचीही सवय. पण शास्त्र कोणते आणि त्याचा अंतिम भाष्यकार कोण, याबाबत पुढे ही दोघे वेगवेगळ्या तीरांवर उभी राहिली.

१८८३ मध्ये रमाबाई कन्येसह इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिचा वाँटेज येथे आत्महत्येने अंत झाला. हा आघात केवढा होता याची कल्पनाच करावी. त्याच सुमारास भगिनीसंघाने लंडनमध्ये पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम रमाबाईंनी पाहिले. आपल्या धर्मशास्त्रांनी कठोर शिक्षेस पात्र ठरविलेल्या स्त्रियांना येथे सन्मानाने वागविले जाते, यामागे योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा आहे, हे त्यांना कळले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंना मेरी रमा हे नाव मिळाले.

बाप्तिस्म्यानंतर सगळे सुरळीत होईल अशी वाँटेजची अपेक्षा होती. ती फोल ठरली. बहिरेपणामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला आणि १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डॉरोथिया बील यांच्या हाताखाली शिकू लागल्या. तेथे त्या संस्कृतही शिकवीत. आपण कोणाच्या भिक्षेवर राहतो असे होऊ नये याविषयी त्या दक्ष असत. मतभेदांचे निमित्त ठरला तो मुख्यतः अथानेशियन मतांगीकार. अंग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणे वर्षातील तेरा सणांना म्हटला जाणारा हा मतांगीकार त्रैक्याचे सूत्र अतिशय काटेकोर शब्दांत मांडतो, आणि ते न मानणाऱ्यास शाश्वत नाश सांगतो. हा नाश सांगणारा भाग वगळावा की नाही यावर १८७० नंतरची काही वर्षे खुद्द इंग्लंडमध्ये रण माजले होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. रमाबाईंचा आक्षेप म्हणजे पूर्वेकडून आलेल्या एका नवख्रिस्ती स्त्रीचा विक्षिप्तपणा नव्हता. त्या मंडळीतील अनेक जाणत्या धर्मगुरूंचाही तो आक्षेप होता. फरक एवढाच की धर्मगुरूंनी तो घेतला तर त्याला मतभेद म्हटले जाई, रमाबाईंनी घेतला तेव्हा त्याला गर्व म्हटले गेले.

रमाबाईंची भूमिका थोडक्यात अशी होती. जे पवित्र शास्त्रात स्पष्ट आहे ते मला मान्य आहे. ज्या शब्दांना शास्त्रात आधार दिसत नाही ते केवळ मंडळी सांगते म्हणून मी मान्य करणार नाही. ख्रिस्ताच्या कुमारीजन्मासंबंधीही त्यांनी याच रीतीने प्रश्न विचारले. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते यात शंका नाही. परंतु श्रद्धेत आज्ञाधारकपणा आधी आणि समज नंतर, असा त्यांचा क्रम होता. रमाबाईंचा क्रम उलटा. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, आता तसेच दुसरे जोखड देवाच्या नावाने मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी जेराल्डीनबाईंना स्पष्टपणे कळविले. डॉरोथिया बील यांचे वर्तन अधिक समजूतदार होते. त्या स्वतः श्रद्धेच्या एका कठीण अवस्थेतून गेल्या होत्या, आणि शंका घेणाऱ्या मनाला वेळ दिला पाहिजे हे त्यांना ठाऊक होते. त्या पत्रांतून वाद घालत, पण आज्ञा करीत नसत. या तीन स्त्रियांमधील पत्रव्यवहार एकोणिसाव्या शतकातील धर्मविचाराच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल. धर्मशास्त्राच्या अत्यंत सूक्ष्म मुद्द्यांवर स्त्रिया स्त्रियांशी वाद घालीत आहेत, आणि बिशपमंडळी तेथे केवळ वरून हस्तक्षेप करण्यापुरती येते.

तो हस्तक्षेप झाला तो वेगळ्याच कारणाने. बीलबाईंनी रमाबाईंना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम देण्याचा विचार मांडला. मुंबई व लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. ही बाई पुरुषांना शिकविते असे हिंदुस्थानात कळले तर तेथील तिचा प्रभाव नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे. हिंदुस्थानातील पंडितांच्या भरसभेत बोलून आलेल्या रमाबाईंना हे ऐकून संताप आला, यात नवल नाही. आपल्या देशाच्या चालीरीतींविषयी आपल्यापेक्षा बिशपांना अधिक कळते, आणि आपल्या वतीने निर्णय घेण्याचा त्यांना अधिकार आहे, या दोन्ही गृहीतकांवर त्यांनी हल्ला चढविला. उडुपीच्या सभेत अनंतशास्त्री उभे होते तो प्रश्न आणि हा प्रश्न यांत तत्त्वतः काय अंतर आहे?

याच काळातील क्रुसाची हकीकत भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. गळ्यात घालण्याच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. रमाबाईंनी हरकत घेतली. लॅटिन ही आपली भाषा नव्हे आणि ती संस्कृतपेक्षा पवित्रही नव्हे. अक्षरे हवीतच तर ती संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती होणे म्हणजे आपली भाषा टाकून देणे नव्हे, हा त्यांचा १८८४-८५ च्या सुमाराचा विचार. हा धागा पुढे कोठे जातो ते यथावकाश पाहू.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. इंग्लंडच्या तुलनेत तेथील हवा त्यांना मानवली. तेथे कोणत्याही एका मंडळीला राजमान्यता नव्हती. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याच्या अध्यक्षपदी एडवर्ड एव्हरेट हेल हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. उपाध्यक्षांत एपिस्कोपल मंडळीचे फिलिप्स ब्रुक्स, काँग्रिगेशनल मंडळीचे जॉर्ज गॉर्डन, मेथडिस्ट फ्रान्सिस विलर्ड अशी नावे दिसतात. इंग्लंडमध्ये एका पंगतीला बसले नसते असे हे लोक हिंदुस्थानातील विधवांसाठी एकत्र आले. वाँटेजला मात्र आपली धर्मकन्या एकेश्वरवाद्यांच्या हाती गेली अशी धास्ती वाटली. रमाबाई युनिटेरियन झाल्या नाहीत. पण कोणाच्या मदतीने काम करायचे हे कोणाच्या मतांगीकारावरून ठरविण्याचेही त्यांनी नाकारले. पुढे १९०७ च्या आत्मसाक्षेत त्यांनी या काळातील आपल्या गोंधळाचे वर्णन केले आहे. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशात पंथांची ही गर्दी पाहून त्यांना हिंदू संप्रदायांचीच आठवण झाली होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू होत्या, त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील, असे ठरले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. यावरून वाद पेटला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक मुली घरी नेण्यात आल्या. या प्रकरणाची चर्चा आजवर सुधारक आणि सनातनी यांच्या चौकटीत झाली आहे. पण सल्लागारांच्या अपेक्षेचा नीट विचार केला तर असे दिसते की त्यांना रमाबाईंची श्रद्धा खाजगी असल्यास चालणार होती; ती दृश्य होता कामा नये, एवढेच. रमाबाईंना तटस्थता म्हणजे स्वतःची प्रार्थना दार लावून करणे असे वाटत नव्हते. तथापि आश्रित, अल्पवयीन मुलींच्या संस्थेत संचालिकेच्या खोलीचे उघडे दार हे केवळ उघडे दार राहत नाही, ही टीकाकारांची शंकाही अगदी निराधार म्हणता येत नाही. १८९५ नंतर सदनातील मुलींचे बाप्तिस्मे झाले तेव्हा त्या शंकेला आधार मिळालाच.

दरम्यान रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेतही बदल घडला होता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या अंग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. व्यासपीठावर स्वतःचेच प्रवचन चालू असताना ज्याचे हृदयपरिवर्तन झाले असा हा गृहस्थ. ते वाचून रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही. या वळणाकडे विवेकवादी अभ्यासक काहीसे नाराजीने पाहतात. चिकित्सक रमाबाई येथे संपल्या आणि भाविक रमाबाई सुरू झाल्या असे त्यांना वाटते. हे मत मला ग्राह्य वाटत नाही. मंडळीच्या अधिकाराविरुद्ध त्यांनी आधी शास्त्रवचन उभे केले होते, आता त्याला प्रत्यक्ष अनुभवाची जोड मिळाली. दोन्ही ठिकाणी मध्यस्थ गळतो. वैष्णव भक्तिपरंपरेत वाढलेल्या स्त्रीला हा मार्ग अपरिचितही नसावा.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, शाळा या सर्वांचा व्याप स्त्रियाच सांभाळीत. मुक्तीचे वैशिष्ट्य असे की ते कोणत्याही एका मंडळीचे मिशन नव्हते. सदनातील मुलींना बाप्तिस्मा मेथडिस्ट उपदेशकाकडून मिळाला, मनोरमा अमेरिकेत फ्री मेथडिस्टांच्या विद्यालयात शिकली, १८९८ मध्ये रमाबाई केझिकच्या आंतरपंथीय अधिवेशनास गेल्या, निरनिराळ्या देशांतून आलेल्या निरनिराळ्या पंथांच्या स्त्रिया केडगावला राबत होत्या. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज त्या वेळी अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन, अंग्लिकन अशा मिशनांच्या सीमांनी विभागलेला होता, आणि कोणता ख्रिस्ती कोणत्या मिशनचा हे त्याच्या गावावरून सांगता येई. मुक्ती या नकाशात कोठेच बसत नव्हते. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला, त्याची चर्चा मराठीत बरीच होते. मिशनच्या कुंपणाबाहेर पडण्याचे पाऊल रमाबाईंनी त्याच्या सुमारे दोन दशके आधी टाकले होते. मात्र टिळक अभंगाच्या वाटेने निघाले, रमाबाई त्या वाटेने गेल्या नाहीत.

जून १९०५ च्या अखेरीस मुक्तीत उज्जीवन झाले. वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत तत्पूर्वी अशाच घटना घडल्या होत्या. मुली मोठ्याने, एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. पुढे काहींच्या तोंडून अनाकलनीय भाषा बाहेर पडू लागल्या. शिस्तशीर उपासनेला सरावलेल्या अनेक मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय स्त्रियांना त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू द्यावी, पाश्चात्त्य मंडळीच्या रीतीचे माप त्यांना लावू नये, असे त्यांचे सांगणे होते. त्याचबरोबर भाषांचे दान हीच पवित्र आत्म्याच्या आगमनाची एकमेव खूण, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. म्हणजे नव्या पंथालाही त्यांनी आपल्या नावावर कब्जा करू दिला नाही. पेंटेकोस्टल चळवळीचा उगम अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये झाला असे मानण्याची प्रथा आहे. केडगावच्या घटना त्याआधीच्या. मुक्तीतील मेथडिस्ट कार्यकर्त्या मिनी अब्रम्स यांनी या उज्जीवनावर लिहिलेली पुस्तिका चिलीतील वालपराइसो येथील मेथडिस्ट मिशनरी हूव्हर यांच्याकडे पोहोचली आणि १९०९ मध्ये तेथे जे उज्जीवन झाले त्यातून चिलीची पेंटेकोस्टल मंडळी जन्मली. दौंड तालुक्यातील दुष्काळपीडित मुलींच्या प्रार्थनेचा पडसाद दक्षिण अमेरिकेत उमटला ही गोष्ट महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात अजून नीट नोंदली गेलेली नाही.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबल मिशनरी आणि त्यांचे शास्त्री यांच्या सहकार्याने घडलेले होते. त्याची भाषा रमाबाईंना दोन कारणांनी खटके. एक तर ती संस्कृतप्रचुर, म्हणून मुक्तीतील खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना दुर्बोध. दुसरे, तिच्यात हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द होते, आणि ते शब्द मुळातील अर्थ गढूळ करतात असे त्यांचे मत होते. त्यांनी साधे मराठी शब्द निवडले आणि मुळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरला. कोणत्याही मंडळीने किंवा सोसायटीने नेमलेल्या समितीविना, एका स्त्रीच्या देखरेखीखाली, मूळ भाषांतून झालेले हे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. अर्थ लावण्याचा जो अधिकार त्यांनी वाँटेजमध्ये मागितला होता तो येथे त्यांनी प्रत्यक्ष बजावला, आणि कोणाची परवानगी न घेता बजावला.

पण या अधिकाराची किंमतही याच ग्रंथात दिसते. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणारी ही पंडिता आपल्या हयातीतील सर्वांत मोठ्या ग्रंथातून संस्कृत संस्कार वेचून काढीत होती. भागवत मुखोद्गत असलेली, पुराणकथनावर वाढलेली जीभ तिने बांधून घेतली. परिणामी वाक्यरचना मूळ भाषेला इतकी चिकटते की ती हिब्रूही राहत नाही आणि मराठीही होत नाही. ज्या निरक्षर स्त्रियांसाठी शब्द सोपे केले त्यांच्या कानाला ओळखीची असलेली लय, म्हणजे कीर्तनाची, ओवीची, पुराणिकाच्या सांगण्याची, तीच बाहेर राहिली. शब्द सुबोध झाला की भाषा सुबोध होते हे खरे नाही, याचे इतके मोठे उदाहरण मराठी भाषांतराच्या इतिहासात दुसरे नसेल. यात आणखी एक विसंगती आहे. ग्रंथातून हिंदू शब्दांचे निर्मूलन करणाऱ्या रमाबाईंनी आपल्या संस्थांची नावे मात्र शारदा सदन, मुक्ती अशी ठेवली आणि ती शेवटपर्यंत बदलली नाहीत. मराठी ख्रिस्ती परिभाषेतील तारण हा शब्द हाताशी असताना केडगावच्या माळाला त्यांनी मुक्ती म्हटले. नाव देताना मोकळा राहिलेला हात भाषांतर करताना का आखडला? शास्त्र हाच एकमेव अधिकार असे ठरल्यावर त्याच्या शब्दाला स्वतःच्या रुचीचा स्पर्शही होऊ नये, अशी धास्ती त्यामागे असावी. ती धास्ती पंडिती शिक्षणाचीच देणगी होती असे मला वाटते. मंत्रात अक्षर बदलू नये, हा संस्कार सहजासहजी जात नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. तिच्यावर संस्थेचा भार सोपवायचा होता. रमाबाईंनी मुद्रितांचे काम थांबविले नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि त्यांनी देह ठेवला, अशी मुक्तीतील आठवण आहे. मृत्यूची तारीख ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. महाराष्ट्रातील मंडळ्यांनी ते उपासनेसाठी स्वीकारले नाही. बायबल सोसायटीची आवृत्तीच वाचली जात राहिली. मराठी वाङ्मयेतिहासातही त्याचा उल्लेख एखाद्या ओळीपलीकडे जात नाही. इंग्लंडच्या ज्या मंडळीशी त्यांनी मतांगीकारावरून वाद घातला तिच्या पंचांगात आता ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. तेथे त्यांची नोंद पंडिता मेरी रमाबाई, पवित्र शास्त्राच्या भाषांतरकर्त्या, अशी केलेली आढळते.